मिठाचा अंदाज

शुक्रवारी रात्री भांडी पालथी घातली की
फ्रीजच्या दारातून पेन काढायचं,
आलं-लसणाच्या बाटलीशेजारून.
पोटाची वळी चिमटीत धरायची,
टोचायचं, दहा आकडे मोजायचे.
दुखत नाही. खरंच नाही.
दुखण्याची सोय नंतर आहे.

घणसोली गावात माझे डबे.
चौपन्न. बहुतेक महापे एमआयडीसीत जातात.
एकोणीस वर्षं मी मीठ मोजलं नाही.
पळीतले दोन थेंब तळहातावर, जिभेला लावले,
झालं.
वजनही असंच वाढलं म्हणतात, थेंबाथेंबानं.
ब्याण्णव किलो. गुडघे जिन्याला शिव्या द्यायचे.

वाशीची डॉक्टर नीट बोलली होती.
डोस हळूहळू वाढवू. पाणी पीत राहा.
घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर?
नाही म्हटलं.
सुरुवातीला मळमळेल, म्हणाली.
महिन्याचा खर्च ऐकला
आणि मळमळ तिथंच सुरू झाली.

पहिल्या आठवड्यात फोडणीचा वास
दुसऱ्या कुणाच्या घरातून आल्यासारखा आला.
तिसऱ्यात सोडे भिजवले आणि मोरीकडे धावले,
मी, मढव्यांची लेक,
खाडीच्या चिखलात हातानं निवट्या धरणारी.
भूक कशी गेली सांगू?
पाहुणा 'येतो' न म्हणता निघून जातो, तशी.
दारात चप्पल तेवढी दिसत नाही.

मग एका डब्यातून चिठ्ठी परत आली:
मावशी, आज आमटीत मीठ दोनदा पडलं का?

तेव्हापासून चव घेते हाताखालची प्रमिला.
मी तिच्या तोंडाकडे बघते.
भुवया वर गेल्या की लिंबू,
ओठ मुडपले की गूळ.
कणकेची परात आता दोघींना उचलावी लागते,
पूर्वी मी एकटी उचलायचे.

कौतुक मात्र आळीभर.
काय गो, कवरी बारीक झालीस! काय खातेस?
काही नाही, म्हणते.
खरं सांगितलं की कुणाला पटत नाही.

भाचा म्हणाला, आत्या, आमच्या जिममध्ये निम्म्या भावात.
बिल नाही. पिशवीतल्या बर्फाचं पाणी झालेलं.
बॅच नंबरावरून कुणीतरी अंगठा फिरवलेला.
डोस मोठा आहे, म्हणाला, रिझल्ट लवकर.
मी वांगं घेते तेव्हा देठ बघते,
मासा घेते तेव्हा कल्ला उघडते.
हे मात्र तसंच घेतलं.

दुसऱ्या शुक्रवारनंतर, पहाटे तीनला,
उजव्या बरगडीखाली कुणीतरी पाटा मांडला
आणि वरवंटा पार पाठीपर्यंत ओढत नेला.

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे.
वजन घाईनं उतरलं की होऊ शकतात, डॉक्टर म्हणाली.
हे पेन कुठलं?
मी चादरीच्या किनारीचे टाके मोजत राहिले.
ती रागावली नाही.
रागावली असती तर बरं वाटलं असतं.

जिममधलं पेन अजून फ्रीजमध्ये आहे, अर्धं.
सुया लोणच्याच्या रिकाम्या बरणीत,
झाकण घट्ट.
घंटागाडीवरची पोर उघड्या हातानं कचरा निवडते.
सुया द्यायच्या कुठं, हे बुधवारी विचारायचंय.
पुन्हा सुरू करायचं का, तेही.
कारण जिना मी आता न थांबता चढते,
हेही खोटं नाही.

काल तिसरा शुक्रवार. टोचलं नाही.
आज प्रमिला आली नाही, तिच्या पोराला ताप.
चौपन्न डबे उघडे, आमटी उकळतेय.
पळीतले दोन थेंब तळहातावर घेतले,
जीभ लावली.
काहीतरी खारट होतं.
आमटी की हाताचा घाम,
कळेना.

पुन्हा दोन थेंब घेतले.